इथेनॉलच्या टाक्यांना पेट्रोलचा फोम? हिशेब तपासून द्या

हिरण्यकेशीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हुक्केरी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी सेफ्टीचं काम बघतो. कारखान्याचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

आमच्याकडे इथेनॉलच्या दोन नव्या टाक्या उभ्या राहिल्यात. प्रत्येकीचा व्यास १५ मीटर, उंची १२ मीटर, वर कायमचं शंकूचं छप्पर. टाक्या अजून रिकाम्या आहेत. फोम सिस्टीमच्या ठेकेदाराने ड्रॉइंग आणि हिशेबाचा कागद दिलाय, तो असा: टाकीचं क्षेत्रफळ १७६.७ चौरस मीटर. फोमच्या द्रावणाचा दर चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर. वेळ ५५ मिनिटं. साधा एएफएफएफ फोम (तेलाच्या आगीवर वापरायचा), पाण्यात ३ टक्के मिसळायचा. म्हणजे मूळ फोम ११९५ लिटर. म्हणून १२०० लिटरची ब्लॅडर टँक (मूळ फोम साठवायची, आत रबरी पिशवी असलेली टाकी). प्रत्येक टाकीला एक फोम चेंबर (भिंतीच्या माथ्याशी बसवलेली, फेस आत सोडणारी पेटी).

गुणाकार दोनदा तपासला, बरोबर आहे. वरचे साहेब म्हणतात, तेलाच्या डेपोत हेच चालतं, कागदावर सही-शिक्का आहे, तू कशाला फाटे फोडतोस. खरं माझं मन मानत नाही. डेपोत असतं पेट्रोल, आपल्याकडे आहे स्पिरिट. पुढच्या महिन्यात टाक्या भरणार. कंपाउंडच्या भिंतीपलीकडं पहिलं घर हाकेच्या अंतरावर आहे आणि त्या घरात माझी आत्या राहते. या कामातला कुणी जाणकार इथं असेल तर नीट समजावून सांगा.

---

देसूर रोड

टाक्या भरू नका. आधी हे वाच.

मी तेलाच्या डेपोत फायर सिस्टीमवर आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे. तुझा गुणाकार बरोबर आहे, खरं पहिलाच आकडा चुकीच्या पदार्थाचा आहे. ४.१ हा दर पेट्रोल, डिझेल, केरोसीन यांसारख्या पाण्यात न मिसळणाऱ्या तेलांचा. एनएफपीए ११ या अमेरिकन फोम-मानकात तो त्यांच्यासाठीच दिलाय. इथेनॉल पाण्यात विरघळतं, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

फोम म्हणजे शेवटी काय? पाणी, थोडं रसायन आणि हवा. त्या बुडबुड्यांच्या भिंती पाण्याच्या असतात. पेट्रोलवर हा फेस गोधडीसारखा पसरतो, वाफ दाबून धरतो, हळूहळू पाणी सोडून थंडावा देतो. इथेनॉलवर तोच फेस टाकला की इथेनॉल बुडबुड्यातलं पाणी ओढून घेतं. साखर पावसात ठेवल्यासारखा फेस विरून जातो. तुम्ही वरून ओतत राहता, खालून तो नाहीसा होत राहतो, आणि आगीला काहीच होत नाही. साध्या एएफएफएफच्या १२०० लिटरऐवजी १२,००० लिटर आणून ठेवलेस तरी तेच होईल.

याला अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो, एआर-एएफएफएफ. त्यात झँथान गमसारखं पॉलिमर असतं. इथेनॉलला भिडलं की ते पॉलिमर साईसारखा एक पातळ पडदा धरतं आणि फेस त्या पडद्यावर बसतो. म्हणूनच हा फोम हळुवार पडावा लागतो. वरून जोरात आपटला, द्रवात बुडाला, तर पडदा धरायच्या आधीच संपतो. चेंबरच्या आत डिफ्लेक्टर असतो तो याचसाठी, फेस टाकीच्या आतल्या भिंतीवरून ओघळत खाली यावा म्हणून. आणि तेलाच्या टाक्यांत फोम तळातून सोडायची जी पद्धत आहे, ती इथं अजिबात चालत नाही. कुणी सुचवली तर तिथंच थांबव.

आता तुझा हिशेब. चेंबरमधून इथेनॉलवर किमान दर ६.९, वेळ ५५ मिनिटं. फोम बनवणाऱ्याच्या लिस्टिंगमध्ये (तपासणी संस्थेच्या मान्यतेच्या कागदात) इथेनॉलसाठी जास्त दर असेल तर तो धरायचा, कमी नाही. १७६.७ गुणिले ६.९ म्हणजे मिनिटाला १२१९ लिटर द्रावण. ५५ मिनिटांचं ६७,००० लिटर. पुष्कळ एआर फोम तेलावर ३ टक्के आणि अल्कोहोलवर ६ टक्के वापरायचे असतात. ६ टक्क्यांनी मूळ फोम होतो ४०२४ लिटर.

त्यात ठेकेदाराने हातहोज धरलेलाच नाही. डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधात, सांडलं तर काय करणार? या व्यासाला निदान एक फोम होज, १८९ लिटर प्रति मिनिट, २० मिनिटं. त्याचे २२७ लिटर आणखी. वर पाइपलाइन भरण्यापुरतं वेगळं. साडेचार हजार लिटर धर. तुझ्या ब्लॅडर टँकच्या जवळजवळ चौपट. शिवाय एकदा वापरल्यावर परत भरता येईल एवढा साठा हाताशी हवा.

चेंबर एक दिलाय. २४ मीटर व्यासापर्यंत नियमाने एक पुरतो. मी असतो तर दोन दिले असते. का ते संध्याकाळी लिहितो, आता दवाखान्यात जायचंय.

---

पाचट

वाचतोय. इथल्या सगळ्या डिस्टिलरीवाल्यांनी वाचावं असा धागा आहे.

---

माळावरची

मी अथणीकडच्या एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. देसूर रोडकाकांनी लिहिलंय ते ज्याला पटत नाही त्याला दाखवायचा सोपा मार्ग सांगते. आम्ही आमच्या जनरल मॅनेजरांना असंच दाखवलं होतं.

स्टीलचे दोन उथळ ट्रे घेतले, दोन्हींत दोन बोटं इथेनॉल ओतलं. कुठंही जाळ नाही, ठिणगी नाही, मोकळ्या हवेत, मोबाईल लांब ठेवून. एका ट्रेवर साध्या एएफएफएफचा फेस करून ठेवला, दुसऱ्यावर एआरचा. पहिल्या ट्रेतला फेस बघता बघता बसला, चहा प्यायला जाऊन यायच्या आत खाली स्वच्छ द्रव दिसायला लागला. दुसऱ्या ट्रेतला होता तसा राहिला. सळईने फेस बाजूला सारला तर खाली तो पातळ चिकट पडदा डोळ्यांनी दिसला. साहेबांनी त्याच दिवशी जुन्या फोमची ऑर्डर थांबवली. कागदावरचे आकडे वाचून माणूस वाद घालतो, ट्रे बघून घालत नाही.

---

दूधगंगा

एक प्रश्न. इथेनॉल पाण्यात मिसळतं म्हणता, तर टाकीत पाणीच सोडून पातळ केलं तर विझणार नाही काय? आमच्या गावात सगळे हेच म्हणत्यात.

---

माळावरची

दादा, प्रश्न बरोबर आहे आणि छोट्या सांडण्यावर हा उपाय चालतोही. टाकीत नाही चालत. २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पाणी केलं तरी त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) साधारण ३६ अंश असतो, म्हणजे तापलेल्या टाकीत ते जळतच राहतं. तिथवर यायलाच इथेनॉलच्या चौपट पाणी लागतं. अर्ध्याहून जास्त भरलेल्या टाकीत ते पाणी मावणार कुठं? टाकी वरून वाहील आणि जळतं स्पिरिट डाइकमध्ये उतरेल.

---

देसूर रोड

आलो. आता दोन चेंबर का ते.

पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवाच्या वर इतकी दाट वाफ असते की आत हवा कमी पडते, सहसा पेट घेत नाही. इथेनॉलचं उलटं आहे. त्याचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास, आणि हवेत ३.३ ते १९ टक्के वाफ असली की स्फोट होऊ शकतो. १३ अंशांपासून चाळिशीपर्यंत टाकीतली वाफ नेमकी याच पट्ट्यात राहते. आपल्या भागाचं हवामान आठव. थंडीतली सकाळ असो की एप्रिलची दुपार, बारा महिने टाकीचा माथा पेटण्याजोगाच असतो.

म्हणून इथेनॉलच्या टाकीची आग पुष्कळदा स्फोटानेच सुरू होते. छप्पर उडतं. छप्पर आणि भिंत यांचा जोड मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे छप्पर सुटतं आणि भिंत शाबूत राहते. खरं फोम चेंबर बसवलेला असतो नेमका त्याच जोडाच्या खाली. फाटत जाणारं छप्पर तो चेंबर ओढून नेऊ शकतं. एकच चेंबर असेल तर सगळी सिस्टीम तिथंच संपली. दोन समोरासमोर असले आणि दोघांचे पाइप डाइकबाहेर वेगवेगळ्या व्हॉल्व्हने तोडता येत असले, तर एक गेला तरी दुसरा चालतो. नाहीतर तुटलेल्या पाइपातून सगळा फोम जमिनीवर.

मॉनिटर, म्हणजे लांबून फोम-पाणी फेकणारी तोफ, हा मुख्य उपाय नाही हे लक्षात ठेव. तेलाच्या टाकीला १८ मीटर व्यासापर्यंत मॉनिटरवर भागवू देतात. इथेनॉलवर लांबून फेकलेला फोम सरळ द्रवात बुडतो. आधार म्हणून जरूर ठेव आणि फेक भिंतीच्या आतल्या बाजूवर आदळेल अशी शिकव.

पाण्याचं बघ. जळत्या टाकीच्या भिंतीवर चौरस मीटरला मिनिटाला ३ लिटर, आणि त्रिज्या अधिक ३० मीटरच्या आत असलेल्या शेजारच्या टाकीवरही ३ लिटर. तेलाच्या डेपोंना ओआयएसडी ११७ हे तेल उद्योगाचं सुरक्षा मानक हेच सांगतं. एका टाकीची भिंत ५६५ चौरस मीटर, दोन्हींचं मिळून मिनिटाला ३३९० लिटर. चार तासांचं ८१४ घनमीटर. फोमचं पाणी त्यात ६७ घनमीटर मिळव. हायड्रंट-मॉनिटरचं वेगळं. शेवटच्या लांबच्या टोकाला ७ किलो दाब मिळाला पाहिजे.

शेजारच्या टाकीला काटकसर करू नको. स्वीडनमध्ये २०१२ साली २५४ चौरस मीटरच्या कुंडात इथेनॉल जाळून मोजमाप केलं. मोठ्या आगीत इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दुप्पट-तिप्पट बाहेर फेकली जाते. पेट्रोलचा काळा धूर स्वतःच उष्णता अडवतो, स्पिरिटला तेवढा धूरच नाही. आणि उन्हात ती ज्वाळा नीट दिसतही नाही, हे डिस्टिलरीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

---

पाचट

पाण्यावरून एक सांगतो, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. पुष्कळ कारखान्यांत स्प्रे पाँडचं (गरम पाणी फवारून थंड करायच्या तळ्याचं) पाणीच फायर वॉटर म्हणून दाखवतात. कागदावर हजारो घनमीटर. गाळप मार्चमध्ये थांबतं, एप्रिलमध्ये पाँड उपसून गाळ काढायला घेतात. डिस्टिलरी मात्र साठवलेल्या मळीवर चालूच असते, टाक्या भरलेल्या असतात. आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत. आमच्याकडे एका वर्षी पाँड तीन आठवडे कोरडा होता आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. स्वतंत्र टाकी हवी, मध्ये भिंत घालून दोन कप्पे, म्हणजे एक धुताना दुसरा भरलेला. डिझेल पंपाचा माणूसही बारमाही हवा, हंगामी नको.

---

देसूर रोड

पाचट, लाख मोलाचं बोललास. विजेचं उदाहरण जवळचंच आहे. मुंबईच्या बुचर बेटावर ऑक्टोबर २०१७ मध्ये डिझेलच्या टाकीवर वीज पडली, आग तीन-चार दिवस चालली.

आणि पंपघर टाक्यांपासून लांब. जयपूरजवळ सीतापुऱ्याला २९ ऑक्टोबर २००९ ला पेट्रोल गळून वाफेचा ढग पसरला आणि पेटला. टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या. पहिल्याच दणक्यात आग विझवायची यंत्रणा निकामी झाली होती. त्यानंतरच्या एम. बी. लाल समितीने लांबून बंद करता येणारे व्हॉल्व्ह आणि लांब पल्ल्याचे मॉनिटर यांवर भर दिला. त्या रात्रीची बातमी डेपोत बसून ऐकली होती, आजही विसरलो नाही.

---

दूधगंगा

माझी जमीन नदीला लागून आहे म्हणून विचारतो. हा फोम पाण्यात गेला तर? मागं एका ठिकाणी टेस्टिंगचा फेस ओढ्याला सोडलेला बघितलाय, दोन दिवस पांढरा तवंग होता.

---

माळावरची

काळजी योग्य आहे. एएफएफएफमधली फ्लोरिनयुक्त रसायनं, ज्यांना पीएफएएस म्हणतात, मातीत आणि पाण्यात मोडत नाहीत, वर्षानुवर्षं राहतात. त्यांतलं पीएफओएस २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. आता फ्लोरिनमुक्त एआर फोमही मिळतात, मात्र एकाच्या जागी दुसरा ओतला असं करता येत नाही. त्याचा इथेनॉलसाठीचा दर आणि चालणारे चेंबर त्याच्या लिस्टिंगवरून बघावे लागतात, आणि तो दाट असल्याने प्रपोर्शनरही (पाण्यात फोम ठरल्या प्रमाणात मिसळणारं उपकरण) त्याला साजेसा हवा. दोन कंपन्यांचे फोम एका टँकमध्ये मिसळायचे तर कधीच नाहीत.

टेस्टचा फेस ओढ्याला, गटाराला जाता कामा नये. धागाकर्त्याच्या टाक्या रिकाम्या आहेत, ही चांगली संधी आहे. टाकीतच टेस्ट घ्या, तळाला जमेल ते बॅरलमध्ये भरून घातक कचऱ्याच्या मार्गाने पाठवा. डाइकचा पावसाळी व्हॉल्व्ह बंद आहे ना ते आधी स्वतः जाऊन बघा.

---

कोगनोळी नाका

मी सीमेपलीकडं, कागल भागात राहतो, औद्योगिक वसाहतीच्या फायर टीममध्ये आहे. एक गोष्ट दोन्हीकडच्यांनी मनावर घ्या. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या काही कारखान्यांना राज्याच्या बंबापेक्षा पलीकडचा बंब लवकर पोहोचू शकतो. आग लागल्यावर कुणाची परवानगी, कुणाचा हुकूम यात वेळ जातो. आधीच परस्पर मदतीचा कागद करून ठेवा. होजची ६३ मिलिमीटरची कपलिंग दोन्हीकडं एकच, आयएस ९०३ ची, त्यामुळं जोडायला अडचण नाही. अडचण येते फोमची. आमच्या गाडीत साधा फोम असतो. आम्ही धावत येऊ आणि तुमच्या स्पिरिटवर तो विरून जाईल. गेटवर ठळक लिहा: फक्त एआर फोम. कन्नड, मराठी, हिंदी तिन्हींत.

अवांतर: आता पेट्रोलच २० टक्के इथेनॉलचं आलंय. १० टक्क्यांच्या वर इथेनॉल असलं की त्यालाही एआर फोमच धरतात. तेव्हा हा विषय डिस्टिलरीपुरता राहिलेला नाही.

---

हिरण्यकेशीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलेला ट्रेचा प्रयोग परवा साहेबांसमोर केला. त्यांनी काही बोलायच्या आधी ठेकेदारालाच फोन लावला. नवीन ब्लॅडर टँक ५००० लिटरची मागवली, एआर फोम ६ टक्के, प्रत्येक टाकीला दोन चेंबर. टाक्या भरायचं पुढं ढकललं. पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव संचालक मंडळापुढं गेलाय.

देसूर रोडकाका, फोम बरोबर प्रमाणात मिसळतोय हे कसं तपासायचं?

---

देसूर रोड

शाबास. प्रमाण डोळ्यांनी कळत नाही. २ टक्क्यांचा फेसही पांढराच दिसतो.

तुमच्याकडं बॉयलरच्या पाण्याला कंडक्टिव्हिटी मीटर असणारच. उसाच्या रसाचा ब्रिक्सवाला रिफ्रॅक्टोमीटरही चालतो म्हणतात, खरं एवढ्या पातळ द्रावणाला हातातला रिफ्रॅक्टोमीटर बारीक फरक दाखवत नाही. तुझं स्वतःचं पाणी आणि तुझा स्वतःचा फोम घेऊन ४, ६ आणि ८ टक्क्यांची द्रावणं मोजून कर. तिन्हींचं रीडिंग कागदावर मांडून रेघ ओढ. मग टेस्टमधल्या फेसाचं पाणी गोळा करून त्याचं रीडिंग त्या रेघेवर बघ. ६ च्या खाली चालत नाही, ७ च्या वर फोम वेळेआधी संपतो.

---

हिरण्यकेशीकाठ

(पाच आठवड्यांनी)

टेस्ट झाली. डाइकमधल्या होजवर आधी घेतली, ३.८ टक्के आलं. पोटात गोळा आला. मग चेंबरवर पूर्ण प्रवाहानं घेतली तर ६.३. असं कसं?

---

देसूर रोड

तुझा रेशो कंट्रोलर, म्हणजे प्रपोर्शनर, १४०० लिटरच्या प्रवाहासाठी निवडलाय. एकट्या होजचा प्रवाह १८९ लिटर. त्याच्या खालच्या मर्यादेच्याही खाली गेला की तो फोम कमी ओढतो. होज चेंबरबरोबर चालेल तेव्हा ठीक, खरं सांडलेलं विझवायला होज एकटाच चालणार. त्याला स्वतंत्र लाइन इंडक्टर (होजच्या लाइनीतच फोम ओढून घेणारं उपकरण) आणि शेजारी एआर फोमचा ड्रम दे. होजची लांबी वाढवू नको, इंडक्टर पुढचा दाब सहन करत नाही.

चेंबरमधून फेस पडायला किती वेळ लागला? आणि दोन्ही चेंबरमधून सारखा पडला काय?

---

हिरण्यकेशीकाठ

व्हॉल्व्ह उघडल्यापासून २ मिनिटं ४० सेकंद. उत्तरेकडच्या चेंबरमधून चांगला पडला. दक्षिणेकडच्यातून बारीक धार येत होती.

---

देसूर रोड

चेंबरच्या आधीचा स्ट्रेनर काढून बघितलास काय?

---

हिरण्यकेशीकाठ

आत्ताच काढला. ओंजळभर वेल्डिंगचा स्लॅग आणि एक सुतळीचा तुकडा निघाला. उद्या सकाळी दोन्ही लाइन फ्लश करून टेस्ट परत घेतोय. इंडक्टर येईपर्यंत टाकी भरायच्या कागदावर सही करणार नाही असं लेखी देऊन आलोय.